झडपेच्या स्प्रिंगची मोकळीक

कोलकात्याजवळ उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत अँबॅसडर मोटारी तयार होत असत. अशा मोटारीच्या इंजिनात कॅमशाफ्टवरील उंचवट्यामुळे झडप उघडते व स्प्रिंग ती मिटविते.

शक्ती वाढविण्यासाठी अधिक उंचवट्याचा कॅमशाफ्ट बसविला, की स्प्रिंग अधिक दबते. समजा, बसविलेल्या स्प्रिंगची उंची ४० मिलिमीटर असून वेढे परस्परांस भिडल्यावर ती २९ उरते. झडप ८ मिलिमीटर उघडल्यास ३ मिलिमीटर मोकळीक राहते. साडेदहा उघडल्यास केवळ अर्धा! साधारणतः एकूण दीड मिलिमीटर तरी असावी. वेढे भिडल्यास झडपेस ढकलणारे दांडे वाकतात, कॅमशाफ्ट झिजतो.

यास्तव इंजिन प्रथम हाताने सावकाश फिरवावे आणि झडप पूर्ण उघडताच वेढ्यांमधील फट मोजावी.