टर्बोवरचा आळ

कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चढाला लागला की दुखणं पहिल्यांदा ड्रायव्हरला कळतं. ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला असतो, तरी गाडी ओढत नाही. मागे काळ्या धुराचा लोट उठतो, आणि नेहमी चौथ्या गिअरवर निघणाऱ्या चढाला दुसरा टाकावा लागतो. गॅरेजच्या दारात पोचेपर्यंत निदान ठरलेलंही असतं : टर्बो बसला.

सिकंदराबाद-मनमाड लोहमार्गावरचं परतूर हे तालुक्याचं गाव. रेल्वे असली तरी इथला बराचसा माल डिझेलवर हलतो. जिनिंगमधल्या गाठी, सोयाबीनची पोती, साखर कारखान्यांकडे निघालेला ऊस आणि जालन्याच्या रोलिंग मिलमधून येणाऱ्या लोखंडी सळ्या, सगळं ट्रकवर. गाडी हंगामातच अडते आणि मालकाला ती उद्या सकाळी रस्त्यावर हवी असते. मग जुना टर्बो उतरतो, नवा चढतो. आठवड्याभरात तोच धूर आणि तीच तक्रार परत येते. टर्बो स्वतःहून क्वचितच मरतो. बहुतेक वेळा हवा, ऑइल किंवा सायलेन्सरकडची वाट त्याला मारते, आणि खरा फिटर आधी त्या तीन वाटा धुंडाळतो.

एक लिटर डिझेल पूर्ण जळायला साधारण १२ किलो हवा लागते, म्हणजे जवळजवळ १०,००० लिटर. नुसत्या श्वासाने इंजिन ठरावीकच हवा ओढू शकतं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या वायूनेच एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकावरच्या चाकाने ताजी हवा दाबून आत भरायची, ही टर्बोची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांची. त्यांचं पेटंट १९०५ चं. ट्रकवर ती यायला १९३८ उजाडलं, तेही स्वित्झर्लंडच्याच सौरर कंपनीकडून. महाराष्ट्रात १९६२ मध्ये पुण्याला डिझेल इंजिनं बनवणारी किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली. पण सर्वसाधारण ट्रकच्या बॉनेटखाली टर्बो हमखास दिसू लागला तो धुराचे नियम कडक होत गेल्यावर.

हे चाक फिरतं किती? मिनिटाला एक लाखाच्या आसपास फेरे. ८० मिलिमीटर व्यासाचं चाक या गतीला असेल तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला ४०० मीटरच्या वर जातो, आवाजाच्या वेगाहून जास्त. या चाकांचा दांडा बॉल बेअरिंगवर नव्हे, बहुधा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो.

इथेच पहिली चूक होते. इंजिन बंद असताना फिटर बोटाने दांडा हलवतो, तो किंचित हलतो, आणि ‘प्ले आला’ म्हणून टर्बो बाद होतो. तरंगत्या बेअरिंगमध्ये ऑइलचा दाब नसताना आडवा थोडा प्ले असणारच, तशीच त्याची रचना आहे. बघायचं ते वेगळंच. दांडा एका बाजूला दाबून फिरवला तर चाकाची पाती हाऊसिंगला घासतात का? आतल्या भिंतीवर घासल्याचे चकचकीत ओरखडे आहेत का? दांडा पुढे-मागे जाणवण्याइतका सरकतो का? तिन्हींचं उत्तर नाही असेल तर पाना खाली ठेवावा आणि हवेची वाट धरावी.

हवेच्या वाटेवर सर्वांत स्वस्त दोष सापडतो : टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते इंजिन यांमधला रबरी होज. क्लिप ढिली पडते किंवा होजला खालच्या बाजूने चीर जाते. गाडी उभी असताना ही चीर मिटलेली असते, लोडवर दाब आला की उघडते. म्हणून गॅरेजमध्ये सगळं ठीक आणि चढावर पुन्हा रड. ड्रायव्हरला शिट्टीसारखा आवाज आला का, हे विचारून घ्यावं. मग ती वाट दोन्ही टोकांना बंद करून बेताची हवा भरायची आणि जोडांवर साबणाचं पाणी सोडायचं. जिथे बुडबुडे उठतील तिथे दोष. तो सापडल्यावरही टर्बो बदलण्याचा खर्च म्हणजे मालकाच्या खिशाला उगीच पडलेलं भोक.

परतूरच्या मातीचाही यात हात आहे. काळ्या जमिनीतून जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर उन्हाळ्यात धुळीचा पडदा असतो. एअर फिल्टर चोक झाला की इंजिनला हवा कमी आणि धूर काळा. शिवाय टर्बोच्या तोंडाशी ओढ इतकी वाढते की सीलमागून ऑइल खेचलं जातं. कंप्रेसरच्या जोरदार हवेने फिल्टर साफ करायची सवय त्याहून वाईट. कागदाला सुईएवढी भोकं पडतात आणि बारीक धूळ थेट त्या लाख फेऱ्यांच्या चाकावर आदळते. पात्यांच्या कडा झिजून धारदार झालेल्या दिसल्या, तर टर्बो खरंच गेला. पण त्याला नेणारी भोकं फिल्टरमध्येच आहेत. फिल्टरच्या आत बॅटरीचा उजेड पाडला की ती बाहेरून दिसतात.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. टर्बोच्या सीलला इथे लगेच दोषी धरतात. मात्र टर्बोतून ऑइल चेंबरमध्ये परत नेणारा पाइप काजळीने तुंबला, तर ऑइल उतरायला जागा राहत नाही आणि ते सीलमधून वाट काढतं. इंजिनच्या रिंगा झिजल्या असतील तर चेंबरमध्येच दाब साठतो आणि परतीचं ऑइल अडतं. चालू इंजिनच्या ब्रीदरमधून वाफेसारखा धूर जोरात येत असेल, तर काम टर्बोचं नसून इंजिनचं आहे.

सायलेन्सरकडच्या वाटेवर मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं किंवा मॅनिफोल्डला तडा गेला, तर टर्बोचं चाक फिरवणारा वायू आधीच बाहेर निसटतो. थंड इंजिन सुरू करताना टिकटिक ऐकू येते आणि जोडाजवळ काळ्या काजळीची रेघ दिसते. टर्बोच्या पुढे एक्झॉस्ट ब्रेकची झडप अर्धवट अडकली किंवा सायलेन्सर आतून कोसळला, तर वायूला जायला जागाच नसते. तिथे दाबाचा गेज लावून एका मिनिटात उत्तर मिळतं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर सायलेन्सरचं रूपच पालटलं. आता त्यात काजळी अडवणारा डीपीएफ आहे आणि नायट्रोजनची ऑक्साइडं मोडणारी एससीआर यंत्रणा आहे. डीपीएफमधली काजळी जाळायला सुमारे ६०० अंश तापमान लागतं. ऊस घेऊन कारखान्याच्या रांगेत तासन्‌तास इंजिन चालू ठेवून थांबलेल्या गाडीत ते येत नाही. काजळी साठते, मागचा दाब वाढतो, गाडीची ताकद आपोआप कमी केली जाते, आणि आळ पुन्हा टर्बोवर. स्कॅनरने कोड वाचावा, पण कोड दुखणं कुठे जाणवतंय ते सांगतो. कारण शोधायला फिटरच लागतो.

ज्याला ड्रायव्हर नुसतं ‘युरिया’ म्हणतात, ते डीईएफ म्हणजे अतिशुद्ध पाण्यातलं ३२.५ टक्के युरियाचं द्रावण. ते संपलं म्हणून शेतीच्या गोणीतला युरिया पाण्यात विरघळवून टाकीत ओतणं हा घातक उद्योग आहे. आपल्याकडे शेतीचा युरिया २०१५ पासून संपूर्ण कडुनिंबाच्या तेलाचा लेप देऊनच येतो. तो लेप आणि इतर अशुद्ध घटक इंजेक्टर तुंबवतात आणि कॅटॅलिस्ट निकामी करतात. शिवाय शेतकऱ्यासाठी अनुदानावर आलेलं खत असं वळवणं गुन्हाही आहे.

सगळं तपासून टर्बो खरोखर गेलाच असेल, तर बसवतानाही घाई नको. ऑइल देणारा आणि परत नेणारा असे दोन्ही पाइप साफ करायचे, ऑइल आणि हवेचा व ऑइलचा असे दोन्ही फिल्टर बदलायचे, इंटरकूलरमध्ये जुन्या चाकाचे तुकडे उरले नाहीत ना ते पाहायचं. नव्या टर्बोच्या ऑइलच्या तोंडात हाताने ऑइल भरायचं, परतीचा पाइप मोकळा ठेवायचा आणि डिझेल बंद करून नुसता स्टार्टर फिरवायचा. खालून ऑइलची सलग धार येऊ लागली की पाइप जोडायचा, इंजिन सुरू करायचं आणि पहिली काही मिनिटं रेस अजिबात द्यायची नाही.