सांडपाण्याची गाळणी का तुंबते?



मागील वार्षिक सभेत एका सभासदांनी उभे राहून विचारले, "सांडपाणी प्रकल्पावर एवढा पैसा घातला, मग ती गाळणी सारखी सारखी तुंबते कशी? आणि धुण्याच्या औषधाचे पैसे शेवटी आमच्या उसाच्या बिलातूनच जाणार ना?" प्रश्न रोखठोक होता आणि रास्तही होता. सभेत वेळेअभावी पुरते उत्तर देता आले नाही, ते येथे देत आहोत.

पाणी येते कोठून?

उसात वजनाच्या सुमारे ७० टक्के पाणीच असते. रस आटवताना ते वाफेवाटे निघते. त्याशिवाय मिल हाऊसची फरशी धुतलेले, इव्हॅपोरेटर साफ केलेले, पंपातून गळलेले असे पाणी गटारात जमते. त्यात साखर, तेल-ग्रीस, बगॅसचा भुसा आणि चुन्याचा अंश असतो. हे पाणी तसेच ओढ्याला सोडले तर साखर कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात आणि काठच्या विहिरी नासतात. म्हणून केंद्र सरकारच्या २०१६ च्या अधिसूचनेप्रमाणे नदी-ओढ्यात सोडायच्या पाण्याचा बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत, तर जमिनीला द्यायच्या पाण्याचा १०० च्या आत असावा लागतो.

गाळणीचे काम

टाकीत हवा सोडून जिवाणू वाढवतात. ते साखर खातात आणि पाणी साफ करतात. पण मग जिवाणू आणि पाणी वेगळे कसे करायचे? पूर्वी गाळ खाली बसू देत. १९८९ साली जपानमध्ये यामामोटो व सहकाऱ्यांनी गाळणीचे धागे जिवाणूंच्या टाकीतच बुडवून पंपाने पाणी ओढून दाखवले. आपल्याकडे आहे ती पद्धत त्याच जातीची. शेवयांच्या जुडीसारखे दिसणारे हे धागे आतून पोकळ असतात. त्यांच्या अंगावरची छिद्रे ०.०४ ते ०.४ मायक्रॉनची, आणि जिवाणू साधारण एक मायक्रॉनचा. त्यामुळे जिवाणू बाहेर राहतो, पाणी आत येते. यालाच मेंब्रेन म्हणतात.

तुंबते कशाने?

ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. ड्रिपर दोन कारणांनी बंद पडतो. एक क्षार, दुसरे शेवाळ आणि बुळबुळीत थर. क्षाराला आपण आम्ल देतो, शेवाळाला क्लोरीन. मेंब्रेनचेही अगदी तसेच आहे. चुन्याचे क्षार बसले तर सायट्रिक आम्लाने धुतात, जिवाणूंचा चिकट थर बसला तर सोडियम हायपोक्लोराइटने. (ही दोन औषधे कधीही एकत्र करू नयेत. विषारी क्लोरीन वायू सुटतो. शेतातही हे ध्यानात ठेवावे.)

त्यातला चिकट थर जास्त त्रासाचा. जिवाणू आपल्या अंगाभोवती चिकट द्रव सोडतात. त्यांचे खाणेपिणे बिघडले की तो आणखी वाढतो. आपल्या सांडपाण्यात साखर भरपूर, पण नत्र आणि स्फुरद फार कमी. नुसत्या साखरेवर जिवाणू धड वाढत नाहीत, चिकटा मात्र धरतात. म्हणून बीओडीच्या १०० भागांना नत्र ५ आणि स्फुरद १ भाग या हिशेबाने युरिया व डीएपी द्यावा लागतो. पिकाला खताचा डोस लागतो, तसाच हा.

घाई नडते

दुसरे कारण आपल्याच हातात असते. पाणी जास्त निघावे म्हणून पंप जोरात ओढला की गाळ धाग्यावर दाबून बसतो. ओढण्याला एक मर्यादा असते. तिच्या आत राहिले तर तुंबणे सावकाश होते, ती ओलांडली की झपाट्याने वाढते. हे बाथ विद्यापीठातील फील्ड, हॉवेल आदी संशोधकांनी १९९५ साली मांडले. शिवाय थंडीत पाणी घट्टसर होते, म्हणून पौष-माघात ओढ आणखी बेताने ठेवावी लागते. आपला गळीत हंगाम नेमका तेव्हाच भरात असतो.

गेल्या हंगामात हीच चूक आमच्या हातून झाली, ती लपवत नाही. रात्रपाळीला रसाची टाकी ऊतू गेली. सांडलेला रस पाइप लावून गटारात ढकलला. सकाळी टाकीची पातळी वाढलेली दिसली म्हणून पंपाचा जोर वाढवला. पहिले काही तास बरे वाटले. मग दाबाचा काटा एकाएकी चढला आणि पाणी जवळजवळ बंद झाले. सगळे पाणी साठवण तलावात वळवून गाळणी धुवावी लागली. ओढ्याला थेंबही सोडला नाही, पण तलाव आणखी भरला असता तर गाळप थांबवण्याची पाळी आली असती. गव्हाणीपुढे उसाच्या गाड्यांची रांग असताना गाळप थांबणे म्हणजे काय, ते सभासदांना माहीत आहे.

आता काय करतो?

पंप नऊ मिनिटे चालवतो, एक मिनिट थांबवतो. त्या मिनिटात खालून सोडलेली हवा धागे हलवून गाळ झाडते. दाबाचा काटा प्रत्येक पाळीला वहीत टिपतो आणि तो हळूहळू चढू लागला की लगेच धुतो, पुरता तुंबायची वाट पाहत नाही. वारंवार क्लोरीनने धागे कमजोर होतात, हेही ध्यानात ठेवतो. तेल-ग्रीस आधीच्या सापळ्यात अडवतो, भुसा जाळीवर अडवतो, आणि सांडलेला रस शक्य तेथे परत प्रोसेसला घेतो.

म्हणजे दोष गाळणीचा कमी, वरून काय पाठवतो आणि किती जोराने ओढतो त्याचा जास्त. औषधाचा खर्च शून्य होणार नाही, पण तो निम्मा-अधिक मिल हाऊसच्या फरशीवरच ठरतो. सभासदांचे भाऊ, मुले, पुतणे तेथे पाळीला असतात. त्यांना घरी एवढेच सांगावे, "बाबा, रस सांडला तर गटारात लोटू नको. ते पाणी फिरून आपल्याच विहिरीकडे येते."