कायद्याच्या दारानें आलेली हुकूमशाही

'फासिझम' हा शब्द पुष्कळदां इतक्या सैलपणें वापरला जातो कीं, नावडत्या कोणत्याहि अधिकाऱ्यास तो सहज चिकटविण्यांत येतो. शब्दाचा असा अपव्यय झाला म्हणजे खरी वस्तु दारांत येऊन उभी राहिली तरी ओळखूं येत नाहीं. ती ओळखावयाची तर तिच्या जन्मभूमीकडे, म्हणजे इटलीकडे, वळलें पाहिजे.

बेनितो मुसोलिनीनें मार्च १९१९ मध्यें मिलान शहरीं आपला संघ स्थापिला. त्याच वर्षींच्या निवडणुकींत तो तेथें सपशेल पडला. पुढें मात्र पो नदीच्या खोऱ्यांतील बड्या जमीनदारांस शेतमजुरांच्या संघटनांचा धाक वाटूं लागला, आणि त्यांच्या पैशावर काळ्या सदऱ्यांच्या टोळ्या पोसल्या गेल्या. रात्रीं मोटारींतून यावें, मजूरसंघाची कचेरी जाळावी, पुढाऱ्यास धरून बळेंच एरंडेल पाजावें, असा त्यांचा क्रम असे. पोलीस बहुधा पाहून न पाहिल्यासारखें करीत. शहरांतील सुशिक्षितांस हें सारें रुचत होतें असें नव्हे. परंतु संपांचा त्रास चुकला, एवढ्यावर बरेच जण समाधान मानीत. फासिझमची पहिली खूण हीच: कायदा मोडणाऱ्यासच लोक सुव्यवस्थेचा रक्षक समजूं लागतात.

जुने मुत्सद्दी ज्योव्हानी ज्योलित्ती यांचा तर्क असा कीं, या दांडगटांस कायदेमंडळांत बसविलें म्हणजे ते आपोआप माणसाळतील. १९२१ सालीं त्यांनीं आपल्या आघाडींत त्यांस घेतलें, व मुसोलिनीसह ३५ जण निवडून आले. माणसाळलें कोणीच नाहीं. ऑक्टोबर १९२२ मध्यें काळे सदरे रोमवर चालून निघाले, तेव्हां पंतप्रधान फाक्ता यांनीं लष्करी कायद्याचा जाहीरनामा तयार केला. राजानें त्यावर सहीच केली नाहीं. या 'मोहिमे'चा नायक रात्रीच्या आगगाडीनें, झोपण्याच्या डब्यांतून, मिलानहून रोमला आला आणि पंतप्रधान झाला! सभागृहानें ११६ विरुद्ध ३०६ मतांनीं त्याच्यावर विश्वास प्रकट केला. त्या ३०६ मतांत बहुतेक मतें परक्या पक्षांचीं होतीं.

यानंतरचें काम कायद्यानेंच झालें. १९२३ च्या आचेर्बो कायद्यान्वयें, ज्या यादीस सर्वांत अधिक, व निदान शेंकडा २५, मतें पडतील, तिला दोनतृतीयांश जागा मिळावयाच्या. एप्रिल १९२४ च्या निवडणुकींत दंडेली झाली, हें समाजवादी सभासद जाकोमो मात्तेओत्ती यांनीं ३० मे रोजीं भर सभेंत सांगितलें. १० जूनला त्यांस पळवून ठार मारण्यांत आलें. देश हादरला, मुसोलिनीचें आसन डळमळलें. परंतु विरोधी पक्षांनीं निषेधार्थ सभागृह सोडलें, आणि राजा न्याय करील या आशेवर ते वाट पाहत बसले. राजा हलला नाहीं. बेनेदेत्तो क्रोचे यांच्यासारख्या तत्त्वज्ञानेंहि त्याच महिन्यांत वरिष्ठ सभेंत सरकारच्या बाजूनें मत दिलें. विरोधाचा जाहीरनामा त्यांनीं लिहिला तो मे १९२५ मध्यें. त्याआधींच, ३ जानेवारीस, मुसोलिनीनें घडल्या गोष्टींची सर्व जबाबदारी उघडपणें शिरावर घेऊन विरोधकांस आव्हान दिलें होतें. १९२६ अखेर विरोधी पक्षच उरले नाहींत.

प्रतिकार अशक्य होता काय? ऑगस्ट १९२२ मध्यें पार्मा येथील कामकऱ्यांनीं ग्वीदो पिचेल्ली यांच्या नेतृत्वाखालीं गल्ल्यांच्या तोंडाशीं अडसर रचले, आणि इतालो बाल्बोच्या हजारों माणसांस कांहीं दिवसांनीं रिकाम्या हातांनीं परतावें लागलें. मुसोलिनी तेव्हां अद्याप सत्तेवर आला नव्हता. पुढें प्रतिकाराची किंमत वर्षागणिक चढत गेली. १९३१ मध्यें विद्यापीठांतील प्राध्यापकांस राजवटीशीं निष्ठेची शपथ घेण्याचा हुकूम सुटला, तेव्हां सुमारें १२०० पैकीं अवघ्या डझनभरांनीं नकार दिला. आपण गेलों तर आपल्या जागीं याहून वाईट माणूस येईल, अशी मनाची समजूत घालून सही करणारेहि बाकीच्यांत होते. नकार देणाऱ्यांत विख्यात गणिती व्हीतो व्होल्तेर्रा होते. रोमच्या विद्यापीठांतील त्यांची जागा गेली.