तिशी ओलांडलेली इमारत

पेण-रोह्यात तुमची इमारत वापरात येऊन ३० वर्षं झाली असतील, तर स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या. कायद्याने ती जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. नगरपरिषदेच्या नोटिशीची वाट कशाला बघायची?

ऑडिटमध्ये अभियंता खांबाचा थोडा भाग फोडून नुकत्याच उघड्या पडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन हे रसायन शिंपडतो. गुलाबी झालं तर ठीक. रंग चढलाच नाही, तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा अल्कलीपणा संपवलाय. आतली सळई गंजायला मोकळी. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून स्लॅबचे पोपडे सुटतात. त्यावर नुसता रंग मारणं ही स्वतःचीच फसवणूक.

आणि तिशीवरही फार विसंबू नका. महाडची ‘तारिक गार्डन’ २४ ऑगस्ट २०२० ला कोसळली, १६ जण दगावले. इमारत जेमतेम दशकभराची होती.