मेडिकलची हमी आणि अठराव्या वर्षाची सही

मार्च उलटला की अमेरिकेतल्या मराठी घरांत एकच विषय चालतो. कोणाच्या मुलाला कुठे प्रवेश मिळाला, कोणाच्या मुलीला कुठून नकार आला आणि १ मेच्या आत कोणत्या कॉलेजला होकार कळवायचा. त्यातही ज्या घरातले मूल डॉक्टर होईन म्हणते, त्या घरात कधी कधी मोठा गोड पेच पडतो. एक पत्र आलेले असते बीएस-एमडीचे, म्हणजे कॉलेज आणि त्यापुढचे मेडिकल स्कूल अशा दोन्ही जागा एकदम देऊ करणारे. दुसरे पत्र असते एखाद्या चांगल्या कॉलेजचे. तिथे मेडिकलची शाश्वती नाही, पण मुलाचे मन मात्र तिथे गेलेले असते. आईवडील म्हणतात, "हातचे सोडून पळत्याच्या पाठीमागे कशाला लागायचे?" मूल गप्प बसते.

असा पेच पडलेले पालक आम्हाला दरवर्षी भेटतात आणि "तुम्हीच सांगा" म्हणतात. कोणाच्या मुलाचा निर्णय आम्ही घेणार नाही. पण निर्णय घेण्यापूर्वी काय काय पाहावे, एवढे सांगण्याइतकी माहिती आमच्यापाशी आहे. तेवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

आपल्या लोकांना ही हमी एवढी का भावते, ते आधी पाहू. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांच्या काळी इंटर सायन्सच्या मार्कांवर ग्रँट मेडिकल नाहीतर बी. जे. मध्ये नाव लागले की आयुष्याची दिशा ठरत असे. आजही भारतात बारावीनंतर 'नीट' दिली की साडेचार वर्षांचे एमबीबीएस आणि वर्षाची इंटर्नशिप. सतराव्या-अठराव्या वर्षी डॉक्टरकीचा रस्ता धरणे आपल्याला स्वाभाविक वाटते. इथली रीत निराळी. जॉन्स हॉपकिन्सने १८९३ मध्ये मेडिकल स्कूल उघडताना आधी पदवी हवी अशी अट घातली. पुढे १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर देशभरातले शिक्षण हळूहळू त्याच वळणावर गेले. म्हणून इथे चार वर्षे कॉलेज, मग चार वर्षे मेडिकल स्कूल. बीएस-एमडीचे पत्र हाती पडले की आपल्याला त्यात आपल्या गावाकडची ओळखीची वाट दिसते.

पालकांची भीतीही खोटी नाही. अलीकडच्या वर्षांत एमडीच्या शिक्षणक्रमांना दरसाल सुमारे ५२,००० विद्यार्थी अर्ज करतात आणि सुमारे २३,००० जणांना जागा मिळते. म्हणजे निम्म्याहून अधिक जण त्या वर्षी रिकाम्या हाताने परततात, आणि ही गणती अर्जापर्यंत पोचलेल्यांची. केमिस्ट्रीच्या पहिल्या-दुसऱ्या परीक्षेतच ज्यांनी वाट बदलली ते हिशेबात नाहीत. त्यात एमकॅटची परीक्षा, इस्पितळातली स्वयंसेवा, संशोधन, शिफारसपत्रे. मेडिकल स्कूलच्या पहिल्या वर्गात बसणाऱ्यांचे सरासरी वय चोविसाच्या आसपास असते, म्हणजे कॉलेजनंतर वर्ष-दोन वर्षे थांबणे आता नवलाचे राहिलेले नाही. हे सारे टळणार असेल तर आईबापांना हायसे वाटणारच.

पण वाचकहो, बीएस-एमडी हे एका वस्तूचे नाव नाही. एकाच पाटीखाली वेगवेगळा माल आहे. कॅन्सस सिटीतल्या मिसुरी विद्यापीठाची योजना १९७१ पासून चालू आहे. ती सहा वर्षांची, आणि विद्यार्थी पहिल्या वर्षापासून रुग्णांजवळ जातो. ब्राउन विद्यापीठाची योजना पुरी आठ वर्षांची. तिथे एमकॅट नाही आणि कॉलेजात हवा तो विषय घ्यायची मुभा आहे, मग तो इतिहास असो की संगीत. पहिली वर्षे वाचवते, दुसरी एक वर्षही वाचवत नाही, फक्त काळजी वाचवते. नॉर्थवेस्टर्नची १९६१ मध्ये सुरू झालेली प्रसिद्ध योजना तर आता बंदच झाली आहे. तेव्हा शेजारच्यांच्या मुलाने दहा वर्षांपूर्वी काय घेतले, यावर विसंबू नये.

हमी म्हणजे काय, तेही नीट वाचावे. बहुतेक ठिकाणी ती सशर्त असते. अमुक जीपीए राखला पाहिजे, काही ठिकाणी एमकॅटमध्ये अमुक गुण मिळवले पाहिजेत, ठरावीक विषय ठरावीक मुदतीत पुरे केले पाहिजेत. ज्या घरांत अजून ग्रीनकार्ड आलेले नाही, त्यांनी आणखी एक अट डोळ्यांत तेल घालून वाचावी. पुष्कळ योजना आणि पुष्कळ मेडिकल स्कूल नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच घेतात. एच-४ वर वाढलेले मूल २१ व्या वर्षी त्या व्हिसातून बाहेर पडते, म्हणजे नेमके कॉलेजच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात. आज मिळालेली जागा त्या दिवशी कायद्याने टिकेल का, हे विद्यापीठाला लेखी विचारावे आणि वकिलालाही विचारावे.

आता आमचा मुख्य मुद्दा. आत जाण्याचा दरवाजा सगळे पाहतात, बाहेर पडण्याचा कोणी पाहत नाही. अठराव्या वर्षी सही करणारे मूल विसाव्या वर्षी तेच राहत नाही, आणि कॉलेज असते ते त्याचसाठी. समजा, दोन वर्षांनी त्याला कळले की आपल्याला रोग्यापेक्षा गणित आवडते. तेव्हा तिथेच राहून निव्वळ पदवी पुरी करता येईल का? त्या कॉलेजचा गणित विभाग चांगला आहे का? सहा वर्षांच्या घाईच्या शिक्षणक्रमात दुसरा विषय चाखून पाहायला एक तरी मोकळे सत्र मिळते का? दुसऱ्या मेडिकल स्कूलला अर्ज केला तर हातची जागा जाते का? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर ती हमी मुलाच्या कामाची. नसतील तर ती हमी आईबापांच्या झोपेची, आणि तिची किंमत मात्र मुलाने भरायची.

आपल्या घरांत एक जादा अडचण असते. बातमी मंडळात पसरलेली असते, आजी-आजोबांनी पुण्याला पेढे वाटलेले असतात. अशा मुलाला तिसऱ्या वर्षी "बाबा, मला हे नको" म्हणायला किती धैर्य लागेल! दरवाजा विद्यापीठाने उघडा ठेवला तरी घराने बंद केलेला असतो. ज्यांनी जागा स्वीकारायचे ठरवले असेल त्यांनी होकार कळवतानाच मुलाला तोंडाने सांगावे की, "बाळा, पुढे नको वाटले तर सोड, आम्ही रागावणार नाही." हे वाक्य आधी म्हटले तरच त्याला अर्थ. मागून म्हटलेले ते सांत्वन होते.

दुसऱ्या बाजूचेही सांगू. साध्या वाटेने गेले की मूल भरकटते, असे नाही. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय मेडिकल स्कूलने १९८७ मध्ये साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान असे विषय शिकणाऱ्या कॉलेजकुमारांना एमकॅटवाचून आगाऊ जागा द्यायला सुरुवात केली. २०१० मध्ये त्यांच्या कामगिरीचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा नेहमीच्या मार्गाने आलेल्या सोबत्यांच्या बरोबरीने ते शिकले असे आढळले. याचे दोन अर्थ निघतात. कॉलेजात मनासारखे शिकल्याने डॉक्टरकीचे नुकसान होत नाही, हा एक. दुसरा असा की हमी फक्त बारावीच्या वर्षीच मिळते असे नाही. काही मेडिकल स्कूल कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी अर्ज घेऊन आगाऊ जागा देतात. अठराव्या वर्षापेक्षा विसाव्या वर्षाची सही केव्हाही अधिक समजुतीची.

पैशाचा हिशेब तर आता नव्यानेच मांडायला हवा. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस ही सरकारी कर्जयोजना बंद करण्याचे ठरवले, आणि मेडिकलच्या विद्यार्थ्याला मिळणाऱ्या सरकारी कर्जावर वर्षाला ५०,००० डॉलर व एकूण २,००,००० डॉलर अशी मर्यादा घातली. बऱ्याच खासगी मेडिकल स्कूलांचा वर्षाचा खर्च याच्या वर जातो. तेव्हा हमीच्या नावाखाली कॉलेजच्या वर्षांतच शिल्लक संपवली तर पुढचे काय, याचा विचार आज करावा. एखादे वर्ष वाचत असेल तर ती बचत खरी, तीही मांडावी. आपल्या राज्याच्या विद्यापीठात कमी खर्चात शिकून पुढे अर्ज करणे हा कमीपणा नव्हे. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलने २०१८ मध्ये आणि आइन्स्टाइनने २०२४ मध्ये शिकवणीची फी माफ केली. ज्याने आधीच स्वतःला बांधून घेतले, त्याला तिकडे पाहायचीही सोय उरत नाही.

आणि हमी कुठे संपते, तेही ध्यानात असू द्यावे. मेडिकल स्कूलच्या दारापर्यंत ती सोबत करते. पुढे रेसिडेन्सीच्या जागेसाठी सगळे एका रांगेत. लायसन्सच्या पहिल्या परीक्षेत २०२२ पासून गुण न देता फक्त पास-नापास सांगतात. त्यामुळे दुसऱ्या टप्प्याचे गुण, वॉर्डातले काम आणि शिफारसपत्रे यांना वजन आले आहे. इंटर्नल मेडिसिनला तीन वर्षे, जनरल सर्जरीला पाच, मेंदूच्या शस्त्रक्रियेला सात. एवढा लांबचा पल्ला निव्वळ हमीच्या बळावर चालून जाता येत नाही.

मग लहान वयात ठरवूच नये का? तसे आम्ही म्हणत नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाला पोचल्या तेव्हा अठराच वर्षांच्या होत्या, आणि १८८६ मध्ये एमडी झाल्या. पण त्यांच्यापाशी कारण होते. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसांत गेले, आणि बायकांसाठी बाईडॉक्टर हवी, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. आजच्या मुलांवर तसे दुःख ओढवू नये. पण आजारी आजोबांची सेवा, इस्पितळातला एखादा उन्हाळा, रुग्णवाहिकेवरचे काम, असे काहीतरी स्वतः पाहिलेले असावे आणि ते पाहूनही इच्छा टिकलेली असावी. अशा मुलाने हमीची जागा आनंदाने घ्यावी. एमकॅटच्या धास्तीतून सुटलेली ती वर्षे त्याला सोन्यासारखी वापरता येतील.

ज्याचे कारण "मला मार्क चांगले आहेत" किंवा "सगळे म्हणतात" एवढेच असेल, त्याला चार वर्षे कॉलेज करू द्यावे. इच्छा खरी असेल तर ती चार वर्षांनीही शिल्लक राहील. नसेल तर ती वेळीच कळली, हा फायदाच.

१ मे यायच्या आत एक गोष्ट करून पाहा. मुलाला एकटे बसू द्या, आणि आपल्याला डॉक्टर का व्हायचे आहे ते एका कागदावर स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगा. अर्जातला निबंध नको, तो पुष्कळांनी तपासलेला असतो. हा कागद कोणाला दाखवायचा नाही, असे त्याला सांगा आणि तो शब्द पाळा. मग दोन्ही पत्रे त्याच्यापुढे ठेवा, आणि सही कुठे करायची ते त्याला ठरवू द्या.