वीतभर पाला, दोन बोटं पाणी

पुण्यात वेताळ टेकडीच्या पायथ्याशी, एका उतरत्या गल्लीत, शेजारी शेजारी दोन बागा आहेत. एकीत हिरवळ कापलेली, कडेची झुडपं छाटून चौकोनी केलेली, फरशीवर एक पान नाही. दुसरीत फाटक उघडलं की अडुळसा अंगावर येतो, पायाखाली पाला चुरचुरतो आणि आंब्याच्या फांदीवर बांडगूळ फोफावलेलं दिसतं. डिसेंबरातल्या एका सकाळी टेकडीवरून उतरताना मी या दोन फाटकांच्या मधे थांबले, कारण पाखरांचे सगळे आवाज एकाच बाजूनं येत होते. लिटकुरीची कोरडी 'ट्रर्रर्र', झुडपाच्या आतून बोरू वटवट्याचं 'चॅक चॅक', शिंजिराची किरकिर. चौकोनी बागेच्या कठड्यावर पारवे बसले होते, बाकी शांतता.

आवाजांच्या बाजूला एक मावशी खराटा मारत होत्या. फरशीवरचा पाला गोळा करून त्या तो फाटकाकडे आणत नव्हत्या, झुडपांच्या बुंध्याशी ढकलत होत्या. बागेतला पाला घमेल्यात भरून बाहेर टाकणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. पाला इतक्या निगुतीनं आत लावणारं माणूस पाहिलं नव्हतं. मी आत यायची परवानगी मागितली आणि मग ती थंडी संपेपर्यंत तिथे जात राहिले.

बंगल्याच्या मालकीणबाई वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. बागेत कुठलं झाड ठेवायचं, कुठलं नाही, हे त्या ठरवतात. पण बाग रोज चालवतात त्या मावशी. त्या मुळशीकडच्या, इथे काम करून त्यांचे केस पांढरे झालेत. कामाला सुरुवात होते परळांपासून. मातीची चार उथळ परळं. दोन वापरात, दोन वाळत. आदल्या दिवशीचं पाणी पेरूच्या आळ्यात ओतायचं, परळ नारळाच्या शेंडीनं घासायचं, साबण लावायचा नाही, उन्हात पालथं टाकायचं, वाळलेलं उचलून त्या जागी ठेवायचं. मग पाणी. मी झारी हातात घेतली तेव्हा मावशींनी लगेच थांबवलं.

"ताई, दोन बोटंच. जास्ती घातलं की बारकं पाखरू उतरतच न्हाई."

दोन बोटं म्हणजे इंच-दीड इंच. परळाच्या मधोमध एक खडबडीत दगड, पाण्याच्या वर डोकावणारा. चिनी मातीच्या गुळगुळीत ताटलीत पाखरांचे पाय घसरतात, म्हणून परळ मातीचंच. झुडपापासून ते चार पावलं लांब, कारण झुडपाला लागून ठेवलं तर मांजर दबा धरून बसतं. आणि फार उघड्यावर ठेवलं तर शिक्रा येतो तेव्हा पाखराला लपायला जागा राहत नाही. पाणी रोज बदललं की डासांच्या अळ्यांना वाढायला आठवडा मिळत नाही. डेंग्यूच्या दिवसांत आजूबाजूचे लोक परळांवरून भांडायला आले होते, तेव्हा बाईंनी त्यांना रोजचं घासणं उभं राहून दाखवलं, असं मावशींनी अभिमानानं सांगितलं.

हे घासणं मला आधी जरा जास्तीचं वाटत होतं. पण ब्रिटनमध्ये, जिथे थंडीत बागेतल्या पाखरांना दाणे घालायची सवय घराघरात आहे आणि १९७९ पासून दर जानेवारीत लोक आपापल्या बागेतले पक्षी मोजतात, तिथे ग्रीनफिंच नावाचा एकेकाळी सर्रास दिसणारा पक्षी ट्रायकोमोनोसिस या रोगानं भराभर कमी झाला. हा रोग दाण्या-पाण्याच्या सामायिक भांड्यांतून पसरतो. ज्यांना चार पाखरं एका ठिकाणी जमवायची आहेत, त्यांनी ते ठिकाण स्वच्छ ठेवण्याचं कामही पत्करलं पाहिजे. मावशींना रोगाचं नाव माहीत नाही. "उष्ट्या भांड्यात आपुन पितो का?" एवढंच त्या म्हणतात.

पाण्यानंतर पाला. मी पुन्हा पुन्हा तिथे गेले ती या अर्ध्या तासासाठी. अडुळसा, कुंती, हमेलिया यांच्या बुंध्याशी वीतभर जाडीचा थर असतो. वरची पानं कोरडी, कुरकुरीत. खाली काळपट, ओली, एकमेकांना चिकटलेली. मावशी त्यावर झारीनं थोडं पाणी शिंपडतात आणि काठीनं एखादी जागा हलकेच उलथतात. त्या क्षणी एक वास येतो: कुजलेल्या पानांचा, ओल्या मातीचा, किंचित आंबूस, पावसाळी रानातला. डिसेंबरच्या कोरड्या, धुळीच्या पुण्यात तो वास दुसरीकडे कुठे मिळेल असं मला वाटत नाही. त्या वासाबरोबर बारीक कोळी, वाणी, गोगलगायीची पिल्लं, पंख नसलेले टुणकन उडणारे किडे उजेडात येतात. मावशी चार पावलं मागे सरतात. आधी दयाळ येतो. मग सातभाईंची टोळी कलकलाट करत उतरते आणि पानं उडवू लागते. त्यांच्या गोंधळातून सुटलेला एखादा किडा टिपायला कुंपणाच्या भिंतीवर काळा थिरथिरा तयारच असतो, शेपटी सतत थरथरवत.

हा थिरथिरा हिमालयातून आणि त्याच्या पलीकडून येतो, सप्टेंबर-ऑक्टोबरात पोचतो, वसंतात परततो. महाराष्ट्रात जमिनीपासून हातभर उंचीवर बसून किडे टिपणारा हा पाहुणा जवळपास प्रत्येक गावात येतो. त्याला दाणे नको असतात, पाव तर नकोच. लिटकुरीलाही नको, वटवट्यांनाही नको. थंडीत आपल्याकडे येणाऱ्या बागेतल्या पाहुण्यांपैकी बहुतेकांचं पोट किड्यांवर चालतं, आणि आपण त्यांना बोलवायला गच्चीवर ज्वारी टाकतो.

एकदा बाई पायरीवर येऊन बसल्या होत्या. चिंचेच्या शेंड्यात एक हिरवट पर्ण वटवट्या पान न पान तपासत होता. बाईंनी पाकिटातून दहा रुपयांचं नाणं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. "पावणेआठ ग्रॅम," त्या म्हणाल्या. "तो जो वर आहे ना, त्याचं वजन एवढंच. फार तर ग्रॅमभर कमी-जास्त." मी नाणं मुठीत धरलं. पावणेआठ ग्रॅम. हिमालय, मध्य आशिया, पार पूर्व युरोपपर्यंत जिथे हे वटवटे घरटी करतात, तिथून एवढ्याशा वजनावर ते दख्खनमध्ये येतात. आल्यावर प्रत्येकजण दोन-चार झाडांचा आपला इलाखा धरतो आणि थंडीभर ओरडून ओरडून तो राखतो. ट्रेव्हर प्राइस आणि मधुसूदन कट्टी या संशोधकांनी दक्षिण भारतात या हिवाळी वटवट्यांच्या मागे राहून अभ्यास केला आहे. पाऊस कमी झाला की पानं लवकर गळतात, पानांवरचे किडे कमी होतात आणि वटवट्यांचं जगणं अवघड होतं, असं त्यातून दिसतं. पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो. पावणेआठ ग्रॅमच्या जिवाला ती रात्र काढायची तर दिवसभर किडे मिळालेच पाहिजेत; उद्याचा साठा म्हणून त्याच्याजवळ फारसं काही नसतं.

मावशींनी तेव्हापासून त्या पाखराचं नाव 'दहाचं नाणं' असं पाडलं आहे. "आज दहाचं नाणं चिचंवर हाय," असं त्या मला फाटकातच सांगत.

त्या नाण्याची आंघोळ मी पहिल्यांदा पाहिली ती मावशींमुळेच. ऊन जास्वंदीवर आलं की त्या पाइपचं तोंड बोटानं दाबून पानांवर बारीक फवारा मारतात आणि बाजूला होतात. वटवटे परळावर क्वचितच उतरतात. ते ओल्या पानांवर छाती घासत, पंख फडफडवत, एका पानावरून दुसऱ्यावर घसरत अंग भिजवतात. चष्मेवालेही तसंच करतात, शिंजीरही. मावशींना हे कुणी शिकवलेलं नाही. धूळ बसली म्हणून त्या झाडं धूत होत्या, पाखरं आलेली दिसली, मग रोज धुवायला लागल्या. एवढी नजर असलेल्या बाईला आजूबाजूचे लोक "ती पाला काढत नाही" म्हणून आळशी समजतात, याचा मला राग येतो. शेजारच्या बागेपेक्षा या बागेत काम जास्त आहे, कमी नाही. फक्त ते फरशीच्या चकचकीतपणात मोजता येत नाही.

शेजारी महिन्याला फवारणीचा माणूस येतो. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल. त्या दिवशी मावशी आपली परळं उचलून आत ठेवतात. "फवारा झाला की पंधरा दिस पाखरू फिरकत न्हाई," असा त्यांचा हिशेब. पंधरा की दहा याची खात्री मी करू शकत नाही, पण किडे मारले की किडे खाणारा जाईल, याला हिशेबाची गरज नाही. या बागेत मावा पडला तर पडू देतात. चष्मेवाल्यांची टोळी शेंडे साफ करते. बांडगुळाबद्दल मात्र बाई आणि मावशी यांचं एकमत व्हायला वेळ लागला होता. मावशींना ते झाड शोषतं म्हणून कापायचं होतं, आणि ते शोषतं हे खरंच आहे. आता एक फांदी बांडगुळासाठी सोडून दिली आहे, बाकीच्या साफ ठेवतात. थंडीत त्याला फुलं येतात, शिंजीर मध प्यायला येतात, आणि अंगठ्याएवढा फुलटोच्या त्याची फळं खाऊन चिकट बिया पुढच्या फांदीला पुसतो. अडुळसाही याच दिवसांत फुलतो, त्यामुळे साखरपाण्याच्या बाटल्या टांगायची इथे कुणाला गरज वाटलेली नाही.

दाण्यांबद्दल बाई कडक आहेत, आणि मी पूर्णपणे त्यांच्या बाजूची आहे. पलीकडच्या एका गच्चीवर रोज ज्वारी पसरली जाते. टाकणाऱ्यांच्या मनात दया असते, हे मी नाकारत नाही. पण ती ज्वारी पारव्यांच्या पोटात जाते, आणि पारवा हा आपल्या शहरांत मदतीची गरज असलेला पक्षी नाही. २०२३ च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या अहवालात देशातल्या ९४२ जातींचा आढावा आहे. किडे खाणाऱ्या पक्ष्यांची घट फळं आणि मध खाणाऱ्यांपेक्षा अधिक, दूरवरून स्थलांतर करणाऱ्यांची स्थिती चिंताजनक, आणि पारवा मात्र वाढता, असं चित्र त्यातून दिसतं. पारव्यांच्या विष्ठेचा फुप्फुसांच्या आजाराशी असलेला संबंध २०२५ मध्ये मुंबईत दादरच्या कबुतरखान्याच्या निमित्तानं उच्च न्यायालयापर्यंत गेला. मूठभर दाणे घालायचेच असतील तर बाईंकडे एक उपाय आहे: बाजरीचं अख्खं कणीस दोऱ्यानं फांदीला टांगायचं. मुनिया आणि चिमण्या त्याला लटकून खातात. पारव्याला लटकणं जमत नाही. बाकी शिळी पोळी, शेव, चिवडा, पाव काही नाही. पिकलेली पपई अर्धी कापून बुलबुल आणि तांबटांसाठी ठेवतात, दुपारी उरलेली उचलतात.

जानेवारीअखेर, शेवगा आणि चिंच निम्मी झडत आली तेव्हा, पाल्याचा ढीग इतका वाढला की मावशींनी मागच्या भिंतीशी विटांचा एक चौकोन रचून तिथे उरलेला भरला. त्याच सुमाराला गल्लीच्या कोपऱ्यावर कुणीतरी आपला पाला पेटवला. धूर संध्याकाळभर रेंगाळला. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली, तरी थंडीत पुण्याच्या प्रत्येक गल्लीत हा धूर भेटतो. मावशी तिकडे बघत म्हणाल्या, "समदं दुकान जाळलं की वो पाखरांचं." त्यांच्या आवाजात तक्रार कमी, हळहळ जास्त होती.

मार्चच्या मध्याला काटेसावरीवर गुलाबी मैनांचे थवे येऊन गेले. थिरथिरा भिंतीवर दिसेनासा झाला, चिंचेतला आवाज काही दिवस अधूनमधून येत राहिला. मावशींचं काम थांबलं नाही. उन्हाळ्यात परळं दोनदा भरावी लागतात.

ज्यांच्याकडे अंगण आहे, सोसायटीची बाग आहे किंवा नुसती गॅलरी आहे, त्यांना माझी विनंती आहे. गणपती गेले की तयारी सुरू करा, कारण पाहुणे त्यानंतर लगेच यायला लागतात. मातीचं एक परळ, दोन बोटं पाणी, रोज घासून. कुंडीत का होईना, एक अडुळसा. आवारातला पाला झाडाखालीच, वीतभर. फवारणीवाल्याला थंडीपुरती सुट्टी द्या. फेब्रुवारीत चार दिवस जगभर लोक परसातले पक्षी मोजतात, भारतातही २०१३ पासून मोजतात. त्यात आपलं अंगण धरा. आणि तुमच्या बागेत खराटा मारणाऱ्या माणसाला आजच सांगा, की फरशी झाडा, झुडपाखालचा पाला राहू द्या, आणि त्याबद्दल कुणी बोललं तर उत्तर मी देईन.