पंचनाम्यातले वजन आधी वाचा : अमली पदार्थांचा कायदा आणि आपली मुले

वस्तीत पोलिसांची गाडी येते, एखाद्या मुलाला घेऊन जाते आणि तासाभरात दोन वाक्ये घरोघरी पोहोचतात. 'तो गर्दुल्ला होताच' आणि 'आता दहा वर्षे आत'. बोलणाऱ्यांपैकी कुणीही पंचनामा वाचलेला नसतो. वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही पाहतो की याच घबराटीत घरचे लोक दागिने मोडतात आणि समोर येईल त्या कागदावर सही करतात. म्हणून प्रत्येक कार्यकर्त्याला या कायद्याची तोंडओळख हवी.

१९८५ च्या या कायद्याला सगळे 'एनडीपीएस' म्हणतात. गांजा, चरस, अफू, गर्द (हेरॉईन), कोकेन, एमडी (मेफेड्रोन) असे पदार्थ बेकायदा बाळगणे, विकणे, नेणे आणि सेवन करणे हे सगळे त्यात गुन्हे आहेत. दारू यात येत नाही, तिचा कायदा वेगळा आहे.

शिक्षा वजनावर ठरते

प्रत्येक पदार्थासाठी सरकारने दोन मर्यादा ठरवल्या आहेत : अल्प प्रमाण आणि व्यावसायिक प्रमाण. गांजासाठी त्या १ किलो आणि २० किलो, चरससाठी १०० ग्रॅम आणि १ किलो, गर्दसाठी ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम, तर एमडीसाठी २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम आहेत.

अल्प प्रमाण बाळगल्यास एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन मर्यादांच्या मधले प्रमाण असेल तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. व्यावसायिक प्रमाणाला मात्र किमान दहा वर्षे, कमाल वीस वर्षे आणि एक ते दोन लाख दंड.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानुसार भेसळीसह संपूर्ण मिश्रणाचे वजन धरले जाते. पुडीत गर्द चिमूटभर आणि बाकी भुकटी असली, तरी वजन सगळ्या पुडीचे.

'बॅग माझी नव्हती'

ताबा म्हणजे वस्तू आपल्याकडे आहे हे माहीत असणे आणि ती आपल्या नियंत्रणात असणे. पण सरकार पक्षाने ताब्याची मूळ वस्तुस्थिती सिद्ध केली, की 'आत काय आहे हे मला ठाऊक नव्हते' हे सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर येते. मित्राची बॅग पोहोचवून दोनशे रुपये कमावणाऱ्या मुलांना हे आधीच सांगायला हवे.

जामीन

मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये या कायद्यातले सर्व गुन्हे अजामीनपात्र ठरवले. म्हणजे पुडी लहान असली तरी जामिनासाठी न्यायालयात जावे लागते, पण तिथे तो मिळण्याची शक्यता चांगली असते. व्यावसायिक प्रमाणात कलम ३७ आडवे येते : आरोपी दोषी नाही असे मानायला वाजवी कारण आहे, आणि तो जामिनावर पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते. अशा खटल्यात आरोपपत्रासाठी १८० दिवसांची मुदत असते.

हक्क कोणते?

अंगझडतीपूर्वी, 'राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घेण्याचा तुला हक्क आहे' हे सांगणे कलम ५० नुसार बंधनकारक आहे. बॅगेच्या झडतीला हे कलम लागू होत नाही. स्त्रीची अंगझडती स्त्रीच घेईल. संविधानाच्या कलम २२ नुसार अटकेचे कारण कळवावे लागते, वकिलाचा सल्ला घेता येतो आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरत नाही. कोऱ्या कागदावर सही करू नका.

मुलगा अठरा वर्षांखालील असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते. त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. लहान मुलांकडून माल पोहोचवून घेणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रार करायची तर त्याची करा.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. कोठडीतील व्यक्ती, महिला, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. मदत क्रमांक १५१००.

व्यसनी मुलासाठी एक दार

कलम ६४अ फारसे कुणाला माहीत नसते. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. अट एकच, उपचार पूर्ण करायचे. अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदत क्रमांक १४४४६ आहे.

पाचवे शील आपण विहारात दर रविवारी म्हणतो. ते मोडलेल्या मुलाच्या घरी मात्र आपण जायचे टाळतो. पुढच्या वेळी गाडी आली तर आधी त्याच्या आईकडे जा, पंचनाम्याची प्रत मागा आणि त्यातला पदार्थ व वजन वाचा. पुढचे बोलणे त्यानंतर.